सुलट पीळ, उलट पीळ

विश्वात एक गोष्ट अशी आहे, जिला मरण नाही. देव, आत्मा वगैरे मंडळींबद्दल मी बोलत नाही; ते खातं माझ्याकडे नव्हतं. मी बोलतोय ते पिळाबद्दल. क्षेत्रात एकदा पडलेला पीळ ताणून जात नाही, झटकून जात नाही, तापवून जात नाही. दोन्ही टोकं पक्की आहेत तोवर तो आहेच. आम्ही त्याला टोपॉलॉजिकल सॉलिटॉन म्हणतो. त्याच्या जोरावर मी एकतीस वर्षं पगार घेतला, त्रेचाळीस निबंध लिहिले आणि सहा देशांत चहाबरोबरची बिस्किटं खाल्ली. एवढ्या काळात प्रत्यक्ष डोळ्यांनी पीळ पाहिला तो एकाच ठिकाणी. तो लेंग्यात घालायच्या इलॅस्टिकला पडला होता.

‘हात लावू नकोस,’ काकू म्हणाल्या. ‘आधी नुसतं बघ.’

अठ्ठ्याऐंशी सालचा फेब्रुवारी, दुपारचे अडीच. सांगलीतल्या एका प्राध्यापक सोसायटीत, हळबेसरांच्या घराच्या लांबलचक बोळात आम्ही दोघं उभे होतो. सर माझे गाइड, काकू त्यांच्या पत्नी. माझा प्रबंध शेवटच्या प्रकरणापर्यंत आला आणि जानेवारीत सर गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, माझं तिसरं प्रकरण वाचताना. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. विभागातल्या काही जणांचं मत वेगळं होतं.

सरांचे कागद आवरायला काकूंनी बोलावलंय, अशी माझी समजूत होती. कागदांचा विषयही निघाला नाही.

बोळात, छातीच्या उंचीवर, सरांच्या अभ्यासाच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत तीस फूट इलॅस्टिक ताणलेलं होतं. दोन्ही टोकांना कड्या, त्या भिंतीतल्या आकड्यांत अडकवलेल्या. इलॅस्टिकमध्ये दर तीन बोटांवर एक सुई आडवी टोचलेली. पहिल्या अकरा काकूंच्या विणकामाच्या, मधोमध कापलेल्या. बाराव्या सुईला काकूंनी नकार दिल्यावर पुढचे सगळे सायकलचे स्पोक. एकूण एकशे चाळीस. प्रत्येकीच्या एका टोकाला लाखेचा थेंब, त्यामुळे सगळ्या मुकाट्याने खाली लोंबत. एका जागी मात्र सात-आठ सुया जिन्यासारख्या फिरत फिरत वर चढायच्या, डोक्यावर उभ्या राहायच्या आणि पलीकडच्या अंगाने उतरून पुन्हा खाली यायच्या. तो पीळ.

अकरा वर्षांपूर्वी सरांनी आपल्या खोलीकडची कडी सोडवली, तिला उजवीकडे एक पूर्ण फेरा दिला आणि परत अडकवली. तेव्हापासून पीळ नवव्या सुईवर बसून होता. नवा विद्यार्थी आला की सर म्हणत, ‘घालवून दाखव.’ कुणी ताणून बघे, कुणी थोपटून. तासाभराने सर चष्मा पुसत सांगत, ‘कडी न सोडवता एकच इलाज. पलीकडून याचा बरोबर उलटा पीळ यायला हवा. दोघं भिडले की दोघंही संपले. मागे नुसती थरथर.’

आता पीळ नवव्या सुईवर नव्हता. तेहेतिसाव्या सुईवर होता. भिंतीवर खडूच्या खुणा होत्या, प्रत्येक खुणेखाली तारीख.

‘कुणी ढकलला?’ मी विचारलं.

‘घरात मी एकटी. आणि मी कशाला ढकलू? अकरा वर्षं या दोरीवर एक रुमाल वाळत घालू दिला नाही मला.’

‘कधीपासून चाललंय?’

‘तेराव्यापासून. पानं उठली, माणसं गेली, मी बोळ पुसायला घेतला, तर हा अकराव्या सुईवर. म्हटलं, कुणाचा धक्का लागला असेल. दुसऱ्या दिवशी तेरा. मग पंधरा. रोज दोन सुया. ना एक, ना तीन.’

मी शास्त्रज्ञ होतो, म्हणजे मला लगेच चार कारणं सुचली. ऊन वाढतंय, रबर सैल पडतंय. भिंत खचतेय. पंखा. आणि मागच्या अंगाला चिवट्यांची पिठाची गिरणी होती, तिचे हादरे.

‘गिरणी अठरा वर्षं आहे,’ काकू म्हणाल्या.

तरी मी मागे जाऊन चिवट्यांना भेटलो. पापण्यांपर्यंत पांढरा झालेला माणूस. माझं सगळं बोलणं त्यांनी पट्टा न थांबवता ऐकलं.

‘तुमच्या सरांना अठरा वर्षांत माझी गिरणी ऐकू आली नाही,’ ते ओरडून म्हणाले. ‘आता त्यांच्या नाडीला ऐकू यायला लागली होय?’

परत आलो तर काकू तेहेतिसाव्या सुईपाशी तशाच उभ्या. ‘कुठे चाललाय ते बघितलंस का?’

‘कुठे?’

‘स्वयंपाकघराकडे. सदतीस वर्षांत पाण्याचा तांब्या घ्यायला आले नाहीत तिकडे. आता रोज दोन सुया.’ मग त्या म्हणाल्या, ‘मी असेन नसेन, हा असेल, म्हणायचे. मला वाटायचं, तुम्हा पोरांवर छाप मारायला म्हणतात.’

मला हसू यायला हवं होतं. पण दुपारी अडीचच्या लख्ख उजेडात, पंखा बंद असताना, त्या डोक्यावर उभ्या राहिलेल्या सुया अगदी बारीक थरथरत होत्या, आणि बाकीच्या एकशे तीस गप्प होत्या.

काकूंनी चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाट घेऊन बसलो. सिंधुकाकू साठीच्या. सरांच्या घरी पाहुण्यांशी बोलायचं काम सरांचं असे आणि गप्प बसायचं त्यांचं. त्यामुळे त्या एवढं बोलू शकतात हेच मला नवीन होतं.

‘उलटा पीळ कसा घालायचा रे, दिगंबर?’

‘कशाला?’

‘सहज.’

बशीत चहा ओतून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. ‘विणताना कसं होतं, पुढून सुलट टाका असला की मागून बघितल्यावर तोच उलट दिसतो. तसंच ना हे? त्यांनी तिकडच्या भिंतीकडे तोंड करून उजवा फेरा दिला. मी इकडच्या भिंतीकडे तोंड करून उजवाच दिला, की तिकडून बघणाऱ्याला तो उलटा. बरोबर?’

पाच वर्षं मी दुसरं काहीही केलं नव्हतं. याच विषयावरची माझी तीनशे पानं टाइप होऊन पडली होती. चहा फार चांगला झाला होता.

‘हो,’ मी म्हटलं. ‘तसंच.’

माझ्या पुढच्या त्रेचाळीस निबंधांचा मिळून झाला नाही एवढा परिणाम या दोन शब्दांचा झाला.

आठवड्याभराने मी पुन्हा गेलो. बोळात दोन पीळ होते. एक सरांच्या खोलीकडून येणारा, एकोणपन्नासाव्या सुईवर. दुसरा स्वयंपाकघराकडून निघालेला, आणि त्याच्याही खाली खडूच्या खुणा, रोजची तारीख. तोही दिवसाला दोन सुया.

‘तुम्ही कडी फिरवलीत?’

‘तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. अंघोळ करून.’

‘आणि ढकलला कुणी?’

‘निघाला आपला आपण,’ काकू म्हणाल्या. ‘मी म्हटलं ना तुला, त्यांचं त्यांना चालता येतं.’

स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला गेलो. फडताळातल्या प्रत्येक बरणीवर कागद चिकटवला होता. मेतकूट: खालच्या सरदेसाईणीला. मुरांबा: अनघाला, बडोद्याला जाणाऱ्याबरोबर. भाजणी: यंदाची आहे, टाकू नये. खिडकीत ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं होती, चांदीसुद्धा फोडलेली नव्हती.

‘काकू, गोळ्या?’

‘आता काय करायच्यात?’ त्या बरणीचं झाकण घट्ट करत म्हणाल्या. ‘मी हिशेब मांडलाय. दोन त्यांच्या, दोन माझ्या. रंगपंचमीला भेट होईल. मग म्हणायचे तसं, नुसती थरथर.’

एवढ्या साध्या सुरात त्या हे म्हणाल्या की मी मान डोलावून बसलो. बोळात आल्यावर मला त्याचा अर्थ लागला.

‘काकू, हे इलॅस्टिक आहे.’

‘मग थांबव की.’

मी सरांच्या पिळावर हात ठेवला. आडव्यातिडव्या उभ्या असलेल्या त्या सुयांमधून काहीतरी ठोक्याठोक्याने पुढे येत होतं, कुणाचं मनगट धरल्यासारखं. मी पीळ दोन्ही हातांनी मागे रेटला. सहा सुया मागे नेला, तिथे धरून ठेवला, मग हळूच सोडला. तो राहिला. काकू हाताची घडी घालून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, एस.टी. पकडण्याआधी मी मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला गेलो. पीळ एकावन्नाव्या सुईवर होता. जिथे असायला हवा होता तिथेच.

‘रात्रीत आठ चालले,’ काकू म्हणाल्या. ‘वेळेचे पक्के होतेच.’

अनघाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, मी बडोद्याला पत्र टाकलं. आईंच्या तब्येतीकडे पाहायला हवं, जमल्यास यावं. त्यात पिळाबद्दल काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तिने माझ्या तब्येतीकडे पाहायला कुणाला तरी पाठवलं असतं. उत्तर आलं: मुलांच्या परीक्षा आहेत, एप्रिलात येते. रंगपंचमी मार्चात होती.

मग मी कात्री घेऊन गेलो. मी तिशीच्या आतला, अविवाहित, शास्त्राचा पदवीधर, खिशात शिंप्याची कात्री घेऊन एका विधवेच्या घरी भरदुपारी शिरलो. काकूंनी खिशाकडे एकदाच पाहिलं.

‘काप,’ त्या म्हणाल्या. ‘पण तूच सांग, टोक सुटलं की काय होतं?’

टोक सुटलं की पीळ उलगडतात. दोघंही. एकदम. हे माझ्या प्रबंधाच्या सव्विसाव्या पानावर होतं, सरांच्या हातच्या बरोबरच्या खुणेसकट. कडी सोडवून हातातून सुटू दिली तरी तेच. मी ज्या गोष्टीचा तज्ज्ञ होतो तिच्यात सुटकेला जागाच नव्हती, आणि ते सिद्ध करणाऱ्यांत मीही होतो.

‘चहा घेणार?’ काकूंनी विचारलं.

मी कात्री खिशातच ठेवली. हे सगळं मला खरं वाटत होतं का, असं आज कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. त्या दिवशी माझ्या हाताने ती कात्री बाहेर काढवली नाही, हेही तितकंच खरं.

रंगपंचमीला सकाळी दहा वाजता मी सोसायटीत पोचलो. कोपऱ्यावर कुणीतरी माझ्या डोक्यावर निळ्या रंगाची अख्खी बादली रिकामी केली होती. त्या अवस्थेत, निथळत, मी दार ढकललं. दार उघडंच होतं. सण म्हणून गिरणी बंद होती. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

काकू बोळाच्या मध्यावर स्टूल घेऊन बसल्या होत्या. ठेवणीतलं जांभळं लुगडं, केस नीट विंचरलेले, मांडीवर हात. त्यांच्या डाव्या अंगाला सरांचा पीळ, उजव्या अंगाला त्यांचा. मध्ये अकरा सुया सरळ खाली लोंबत होत्या.

‘तीन दिवस झाले, हलत नाहीत,’ त्या म्हणाल्या.

‘कोण?’

‘दोघंही. तीन दिवसांमागे इथे आले ते इथेच. एवढं अंतर ठेवून.’ त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. ‘तिकडेसुद्धा जवळ येऊ देत नाहीत रे. सदतीस वर्षं एका घरात काढली, बोळाच्या त्या टोकाला ते आणि या टोकाला मी. म्हटलं, आता तरी. मी एवढी निघाले, सगळं आवरलं, बरण्यांना कागद लावले. आणि अकरा सुया राहिल्या असताना थांबले.’

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लगेच लाजही वाटली. मग मी शास्त्रज्ञ करतो ते केलं. पुन्हा मोजायला लागलो.

सरांच्या पिळावर उजवा हात ठेवून सुयांच्या टोकांबरोबर मी सरकत गेलो. मनगट वळत वळत उजवीकडे फिरलं. मग स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी गेलो, वळलो, आणि काकूंच्या पिळावरून तसाच इकडे आलो. मनगट आता डावीकडे फिरायला हवं होतं.

ते उजवीकडेच फिरलं.

मी पुन्हा केलं. पुन्हा उजवीकडे. पेच, नळाचा आटा, बाटलीचं झाकण, कुठल्याही बाजूने बघा, उजवा आटा उजवाच राहतो. टाका मागून उलटा दिसतो. पीळ तसा उलटा दिसत नाही. ते चौथीतल्या पोराला बरणीचं झाकण उघडताना कळतं. मला तीनशे पानं लिहून कळलं नव्हतं.

‘काय झालं?’ काकूंनी विचारलं. ‘असा निळा का पडलास?’

‘रंग आहे.’

‘ते दिसतंय मला. काय झालं?’

मी बोळाच्या फरशीवर बसलो. ‘काकू, चूक माझी. मी हो म्हणालो, ती चूक. तुमचा पीळ उलटा नाही. तोही सुलटच आहे. दोन्ही एकाच वळणाचे आहेत. एकाच वळणाचे दोन जवळ आले की एकमेकांना ढकलतात. भिडूच शकत नाहीत. त्यांनी तुम्हाला थांबवलं नाही. तेही तुमच्याचमुळे थांबलेत.’

बाहेर पोरांचा आरडाओरडा दूर गेला आणि परत जवळ आला.

‘म्हणजे ते सुलट,’ त्या म्हणाल्या, ‘आणि मीही सुलट?’

‘हो.’

‘नीट बघितलंस?’

‘तीनदा.’

‘सदतीस वर्षं म्हणत होते, सिंधू, तू म्हणजे माझ्या बरोबर उलट. चारचौघांत म्हणायचे. हसायचे सगळे.’ त्यांनी दोन्ही पिळांकडे आळीपाळीने पाहिलं. ‘आणि लांब गेले, तर काय होतं?’

‘काही नाही. असतात आपापल्या जागी.’

‘जात नाहीत?’

‘टोकं पक्की आहेत तोवर नाही.’

त्या उठल्या. लुगडं सावरून स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी कडीवर हात ठेवला.

‘मग खरा उलटा करायचा तर कुठल्या बाजूला फिरवायचा?’

याचं उत्तर मला येत होतं. डावीकडे, दोन पूर्ण फेरे. एकाने असलेला निघतो, दुसऱ्याने उलटा पडतो. आयुष्यात कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मला इतकं स्वच्छ आलेलं नाही, आणि ते नंतरही कुणी मला विचारलं नाही.

‘मला माहीत नाही,’ मी म्हटलं.

‘पीएच.डी. करतोस ना?’

‘हो.’

‘याच्यावरच?’

‘हो.’

‘आणि डावीकडे की उजवीकडे, एवढं माहीत नाही?’

‘चिन्हाची चूक होते, काकू. आमच्यात फार होते. मागच्या वेळी बघितलंत ना.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला सदतीस वर्षं घरात प्राध्यापक पाहिलेली बाई दिसली. मी खोटं बोलतोय हे त्यांना कळलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. कडीवरची बोटं घट्ट झाली. एकशे चाळीस सुयांमधून एक कंप सरकत सरांच्या खोलीपर्यंत गेला आणि परत आला. माझ्या केसांतून निळे थेंब फरशीवर पडत होते, त्यांचा आवाज येत होता.

मग त्यांनी हात काढला.

‘राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘सुलट माणसाशेजारी राहणं काय असतं, ते कळू दे त्यांनाही जरा.’

आणि तेव्हा, पंखा बंद, गिरणी बंद, आम्ही दोघंही हातभर लांब, सरांचा पीळ हलला. एकच सुई. मागे, आपल्या खोलीकडे. दिवाणावर कुणी बसायला आलं की आधीचा माणूस सरकून जागा करतो, तसा. काकूंनी ते पाहिलं. त्यांनी पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज आला, आणि मग पाकिटाची चांदी फोडल्याचा.

पीळ त्यानंतर कधी हलले नाहीत. जूनमध्ये मी प्रबंध सादर केला. परिशिष्टात पान दोनशे एक्क्याऐंशीवर उणे चिन्हाऐवजी अधिक पडलं आहे. दोन्ही परीक्षकांनी ते उत्तम म्हटलं.

नव्वदच्या मे महिन्यात इलॅस्टिक उन्हाने कुजून आपोआप तुटलं. काकूंनी स्पोक भंगारवाल्याला दिले आणि त्यानंतर वीस वर्षं जगल्या.